पिवळ्या दोऱ्याची डबी

१

या, जरा जवळ सरका. वाऱ्यात धूळ आहे आणि माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. एक गोष्ट सांगते. चोरीची आहे, चोरही सापडतो, पण सापडल्याचा आनंद कुणालाच झाला नाही अशी. देवाच्या मनात काय होतं ते शेवटी तुम्हीच ठरवा.

मी अबा क्वान्सा. समुद्राकाठच्या आमच्या विद्यापीठात नोकरी मार्गदर्शन कक्ष होता, तिथलं टेबल मी सांभाळायची. कक्ष म्हणजे दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा आणि मॅडम एकुआ बैडू. नवरा देवाघरी, मुलगा परदेशात, घरी एकाच माणसाचं जेवण. पण पदवी घेऊन बाहेर पडणारं प्रत्येक पोर त्यांना आपलंच वाटायचं.

कुणी येऊन म्हणालं, "मॅडम, कुठलीही नोकरी चालेल," की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या.

"'कुठलीही' नावाची नोकरी मी अजून पाहिलेली नाही. चार वर्षं हातांनी काय केलंस, ते सांग."

मग ते पोर अडखळत सांगायचं आणि मॅडम त्या हातांना शोभेल असं काम शोधायला निघायच्या. फोन करायच्या, कारखान्यांच्या दारात जाऊन बसायच्या. "प्राणिशास्त्र शिकलेली मुलगी बँकेत नोटा मोजते, तेव्हा मुलीचंही नुकसान आणि प्राण्यांचंही," असं कुलगुरूंना तोंडावर म्हणालेल्या बाई त्या.

त्यांनीच 'काम दाखवायचा दिवस' सुरू केला. त्या दिवशी नोकरी देणारी माणसं विद्यापीठात येत आणि मुलं आपलं काम त्यांच्यापुढे मांडत. गुण कुणी विचारायचं नाही. त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावरच्या मत्स्य संशोधन केंद्राचे प्रमुख येणार होते. जागा एकच होती, आणि मासे शिकलेल्या मुलांत ती मिळण्याजोगी दोघंच होती. एक एफुआ एसुमान, दुसरा न्यामेके ब्ले.

एफुआचं काम सहा चपट्या डब्यांत मावलेलं. माशाच्या डोक्यात, कानापाशी, दाण्याएवढा पांढरा दगड असतो. झाडाच्या खोडात असतात तशा रेघा त्यात असतात, आणि त्या मोजल्या की माशाचं वय कळतं. सहा गावांच्या किनाऱ्यांवर बसून तिने तारलीच्या डोक्यांतून हे दगड काढले होते. डब्या तिने आमच्या कपाटात आणून ठेवल्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला, गावाचं नाव कुठेच नाही.

बुधवारी सकाळी मी कपाट उघडलं. पाच डब्या रिकाम्या होत्या. सहावी नव्हतीच.

२

मॅडम आल्या. मी रडायच्या बेतात होते. त्या म्हणाल्या, "रड, पण कशाला हात लावू नकोस."

कपाटाच्या खालच्या फळीवर एक मऊ फडकं पसरलेलं होतं. त्यावर दगडांचे पाच ढीग आणि प्रत्येक ढिगाशेजारी त्याची उघडी डबी. हिरवा दोरा, लाल, निळा, पांढरा, काळा. पिवळा तेवढा गेलेला. मॅडम वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"एकसुद्धा फुटलेला नाही," त्या म्हणाल्या.

"देवाची कृपा."

"देवाची असेलच. पण फडकं देवाने पसरलं नाही, अबा."

कपाटाला कुलूप नव्हतं. आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी, आम्ही दोघी पुढच्या बुधवारच्या मांडणीसाठी सभागृहात टेबलं लावत होतो. परीक्षा संपलेल्या, वसतिगृहं ओस पडलेली, व्हरांड्यात फक्त वाळकी पानं फिरत होती. मंगळवार म्हणजे समुद्राचा दिवस. आमच्या किनाऱ्यावर त्या दिवशी कुणी होडी पाण्यात घालत नाही. माणसं वाळूत बसून जाळी शिवतात. सगळं गावच कसं श्वास रोखून असतं.

पहारेकऱ्याने सांगितलं की दुपारी आमच्या कक्षात तिघंच येऊन गेली. ब्ले, एफुआचे मार्गदर्शक डॉक्टर ओटू आणि स्वतः एफुआ.

एफुआला बोलावलं. उंच, सडसडीत पोर. तिने पाच ढीग पाहिले आणि खाली बसली. ओरडली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही.

"मंगळवारी तू कशाला आली होतीस गं?" मॅडमनी विचारलं.

"डब्या पाहायला. होत्या तेव्हा सगळ्या."

"पिवळी कुठल्या गावची?"

ती फडक्याकडे पाहत राहिली. "आठवत नाही, मॅडम. बघून सांगते."

"सहावीशिवाय चालेल?"

"पाच गावांवर कोण नोकरी देईल? ब्लेला मिळेल. मिळू दे. चांगला मुलगा आहे तो."

ती गेल्यावर मी म्हटलं, "मॅडम, पोलिसांत सांगायचं का?"

"आधी त्या चांगल्या मुलाला बोलव," मॅडम म्हणाल्या.

३

न्यामेके ब्ले पश्चिमेकडचा, न्झेमांच्या मुलुखातला. बोलताना हसायचा आणि हसताना दुसरीकडे बघायचा. त्या दिवशी त्याच्या हातांना भेगा होत्या. मी पाहिल्या हे कळताच त्याने हात खिशात घातले.

"काल दुपारी इथे आला होतास?" मॅडम म्हणाल्या.

"मांडणीसाठी टेबल कुठलं ते विचारायला. कुणी नव्हतं. परत गेलो."

"त्याआधी कुठे होतास?"

"किनाऱ्यावर. सकाळपासून. होड्या आल्या, मासे उतरवले, मी मापं घेत होतो."

"कुठल्या किनाऱ्यावर?"

"इथल्याच, मॅडम. आपल्या."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मंगळवारी, आमच्या किनाऱ्यावर, मासे उतरवले.

"बरीच मासळी आली का?" मॅडमनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"बऱ्यापैकी."

तो गेल्यावर मी टेबलावर हात आपटला. "खोटारडा. काल समुद्रात पानसुद्धा तरंगलं नसेल. चोर हाच. जागा एक, माणसं दोन, आणखी काय पुरावा हवा तुम्हाला?"

"खोटं बोलला, हे खरं," मॅडम म्हणाल्या. "पण कशाबद्दल?"

४

डॉक्टर ओटू स्वतःच आले. रागावलेले, आणि राग लपवायची सवय नसलेले.

"तुमच्या कपाटाला कुलूप नाही, एकुआ? अठरा महिन्यांचं काम. मिठाईच्या दुकानासारखं उघडं ठेवलंत?"

"चुकलंच, डॉक्टर. काल तुम्ही कशाला आला होतात?"

"तुम्हाला भेटायला. तिला त्या केंद्रात पाठवू नका, हे सांगायला."

मी लिहिता लिहिता थांबले.

"का बरं?" मॅडम म्हणाल्या.

"माझ्या प्रयोगशाळेत तिला ठेवायचंय. तिथे कुणी नाही. मी एकटा सूक्ष्मदर्शक पुसत बसतो आणि तुम्ही माझी चांगली पोरं एकेक करून वाटून टाकता."

"पगार?"

"मागितलाय वर. बघू."

"म्हणजे पगार नाही. ते राहू दे. पिवळ्या दोऱ्याची डबी कुठल्या गावची, डॉक्टर?"

"मला काय माहीत? नावं लिही म्हणून किती ओरडलो. म्हणते, नाव वाचलं की दगड मोजताना मन आधीच उत्तर ठरवतं. दोऱ्यांचा अर्थ तिच्या डोक्यात. ते बरोबरही आहे म्हणा. मी तिच्या वयात इतका प्रामाणिक नव्हतो."

दारात थांबून ते म्हणाले, "तिचं जाणं मला नको होतं. पण ते दगड मी उपडे केले असतील, तर माझा हात झडून जावा."

ते गेले. मॅडम पंख्याखाली बसून राहिल्या. मग पिशवी उचलून म्हणाल्या, "चल. ब्लेचं खोटं कुठे राहतं ते पाहून येऊ."

५

पहारेकऱ्याला ब्लेची वाट ठाऊक होती. डोंगराकडच्या रस्त्यावर तिमजली इमारत उठत होती. तिच्या पायथ्याशी डोक्याला फडकं बांधून ब्ले सिमेंट कालवत होता. आम्हाला पाहिलं आणि फावडं त्याच्या हातातून सुटलं.

मुकादम ओरडला, "ए मास्तर, काय झालं? लग्नाची बोलणी करायला आल्या का बायका?"

सगळे हसले. ब्ले कडेला आला. चेहरा राखेसारखा झालेला.

"किती दिवस?" मॅडमनी विचारलं.

"परीक्षा संपली तेव्हापासून. काल सकाळीही इथेच होतो. तुम्ही मला माशांच्या तळ्यावर उमेदवारीला लावून दिलं होतं ना, ती त्यांनी बंद केली. तुम्हाला सांगायची लाज वाटली. घरी सांगितलंय की मी संशोधन करतो. आई शेजाऱ्यांना सांगते." त्याने पायाने वाळू सारली. "काल मासे आल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही ओळखलंत ना?"

"तुमच्याकडे समुद्राचा दिवस कुठला?"

"गुरुवार."

"म्हणून. घाबरलेला माणूस आपल्या गावच्या वारांनी बोलतो. इथे चार वर्षं राहूनही."

तो हसायला गेला, पण ओठ हलले नाहीत. "चोरी मी नाही केली, मॅडम. तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे मला तिच्याआधीपासून माहीत आहे."

"मला ते सकाळीच कळलं होतं," मॅडम म्हणाल्या. "तू दुपारी जेवतोस का?"

परतताना मी विचारलं, "सकाळीच? मग एवढा डोंगर मला कशाला चढायला लावलात?"

"तो चोर नाही हे कळलं होतं. तो उपाशी आहे हे कळलं नव्हतं."

उतारावर मी हिशेब घालत होते. ब्ले नाही, डॉक्टर नाहीत. उरलं कोण? ते नाव मनात आलं आणि मी पाय टाकायची थांबले. मॅडम पुढे जाऊन वळल्या.

"हो, अबा," त्या म्हणाल्या. "तीच."

६

शुक्रवारी दुपारी एफुआला बोलावलं. मॅडमनी मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा मागवला होता. तिने घास मोडला, पण खाल्ला नाही.

"मी एकटीच बोलते," मॅडम म्हणाल्या. "चुकलं तर थांबव. ज्याला तुझं काम बुडवायचं असेल तो सहाही डब्या उचलून नेईल. एका हातात मावतात. नाहीतर सगळे दगड एकत्र कालवेल, मग ते पुन्हा निवडणं देवालाच जमेल. इथे आधी फडकं पसरलं गेलं. ढीग वेगळे राहिले, ज्याची डबी त्याच्या शेजारी. चोराला गोंधळ दाखवायचा होता, पण काम मोडवत नव्हतं. एवढी माया त्या दगडांवर कुणाची?"

एफुआने मोडलेला घास ताटात परत ठेवला.

"दुसरं. सहातली एकच गेली. उगाच एक उचलायची असती तर पुढची उचलली असती. पिवळी मागच्या कोपऱ्यात होती, मी स्वतः पाहिलेली. म्हणजे तीच हवी होती. कुठला दोरा कुठल्या गावचा, हे एकाच डोक्यात आहे. आणि त्या डोक्याने मला सांगितलं, आठवत नाही. अठरा महिने जे डोक्यात सांभाळलंस ते एका सकाळी विसरलीस?"

मुलीने पिशवीत हात घातला. फडक्यात गुंडाळलेली डबी काढून टेबलावर ठेवली. पिवळा दोरा तसाच.

"एसुन्यीची," ती म्हणाली. "माझ्या गावची."

मग तिने एक दगड चिमटीत धरून उजेडात नेला. मला काहीच दिसलं नाही, पांढऱ्या कवडीचा तुकडा.

"बाकीच्या डब्यांत रेघा आहेत, अबा आंटी. एक, दोन, कुठे तीन. ह्यांत एकही नाही. वर्षसुद्धा न झालेली पिल्लं. पाण्यावर दिवे धरून, बारीक डोळ्यांच्या जाळ्याने पकडलेली. दोन्ही गोष्टींना बंदी आहे." तिने दगड परत ठेवला. "सगळ्यात जास्त एकाच होडीतली आहेत. तांडेल कोबिना एसुमान. माझे वडील."

पंखा कुरकुरत राहिला.

"दगड काढले तेव्हा माहीत नव्हतं?" मॅडमनी विचारलं.

"दगड काढताना मी फक्त डोकी पाहत होते. रेघा मोजायला घेतल्या तेव्हा कळलं. जे शिकले त्यानेच कळलं." ती पहिल्यांदा रडली, आवाज न करता. "प्रमुख विचारतील, हे कुठलं गाव? मी सांगेन. आठवड्यात तिथे गस्त येईल. नाही सांगितलं तर माझं काम खोटं. म्हणून वाटलं, कुणीतरी चोरलं असं झालं तर दोन्ही करावं लागणार नाही. घरी कुणाशी बोलू? पापा मला 'प्रोफेसर' म्हणतात आणि मी काय शिकते ते चार वर्षांत एकदाही विचारत नाहीत. इथल्या मुलींना वाटतं मला माशांचा वास येतो."

मी म्हटलं, "पाच डब्या मांड ना गं बाई. सहावी राहू दे. देव समजून घेईल."

मॅडमनी मला गप्प केलं नाही, पण मानही हलवली नाही.

"एफुआ," त्या म्हणाल्या, "चार वर्षं हातांनी काय केलंस हे विचारते मी सगळ्यांना. तुला विचारलं नाही, कारण दिसत होतं. नोकरी तुझ्या शिक्षणाला शोभणारी हवी म्हणून मी धावते. ती कधी कधी इतकी शोभते की अंगाला काचते. डबी तुझी आहे. मांड किंवा समुद्रात टाक. चोरीचं मी कुणाला सांगणार नाही."

तिने डोळे पुसले. "मंगळवारी एसुन्यीला याल का माझ्याबरोबर? रस्त्यापर्यंत तरी."

७

मंगळवारी आम्ही रस्त्यावर थांबलो नाही, वाळूपर्यंत गेलो. होड्या रांगेने ओढून ठेवलेल्या, रंगवलेल्या, मुक्या. पुरुष जाळी शिवत बसले होते. कोबिना एसुमान म्हणजे रुंद खांद्यांचा, पांढऱ्या दाढीचा माणूस. त्याने मान वर केली.

"प्रोफेसर आली. आज सुट्टी?"

"पापा, हात पुढे करा."

तिने डबी उघडून त्याच्या तळव्यावर दगड ओतले. काळ्या, चिरलेल्या तळव्यात ते तांदळासारखे दिसले.

"हे तुमच्या होडीतल्या माशांचे. रेघ मोजली की वय कळतं. हेच शिकले मी."

त्याने एक डोळा मिटून पाहिलं. "रेघ कुठाय?"

"नाही. एकाच्याही नाही. बाळं होती सगळी."

शेजारी तिचा काका बसला होता. त्याने सुई जाळ्यात खुपसली. "शिकवली ती आम्हाला पकडून द्यायला? शाबास, कोबिना. चांगली वाढवलीस."

पलीकडचा एगो म्हणाला, "दिवे लावले नाहीत तर काय अंधार खायचा? परदेशी जहाजं खालचा समुद्र खरवडून नेतात, त्यांच्या माशांचे दगड मोजायला जा की, पोरी."

"त्यांचेही मोजीन, एगो काका. नोकरी मिळाली तर," एफुआ म्हणाली. "पण उद्या मला हे मांडायचंय. कुठलं गाव विचारलं की मी नाव सांगणार. म्हणून आज तुम्हाला सांगायला आले. त्यांना उद्या, तुम्हाला आधी."

बापाच्या तळव्यावर दगड होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता, जसं एखादं माणूस अनोळखी लिपी बघतं.

"तुझी फी ह्याच जाळ्यातून निघाली," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे, पापा."

त्याने तिची मूठ ओढली, दगड तिच्या हातात ओतले आणि स्वतःच्या दोन्ही हातांनी तिची बोटं मिटली.

"सांडू नकोस," तो म्हणाला.

मग खाली बसून जाळं मांडीवर घेतलं. आम्ही वाळू ओलांडून रस्त्याला लागलो तरी त्याने मान वर केली नाही. एफुआ मात्र दर चार पावलांनी वळून बघत होती.

८

बुधवारी तिने सहाही डब्या मांडल्या. केंद्राचे प्रमुख पिवळ्या दोऱ्यापाशी थांबले. "हे कुठलं?" तिने गावाचं नाव सांगितलं, होडीचं सांगितलं, होडीवाल्याशी आपलं नातंही सांगितलं. त्यांनी टोपी काढली. मग विचारलं, रुजू कधी होशील.

ब्लेसाठी मॅडम पुढचे तीन महिने उन्हातान्हात फिरल्या. एका तळ्यावर त्याला माशांची पिल्लं वाढवायचं काम मिळालं, तेव्हा त्या घरी जाऊन दुपारभर झोपल्या. डॉक्टर ओटू अजून सूक्ष्मदर्शक पुसतात. एसुन्यीवर गस्त आली, दोन होड्यांचे दिवे जप्त झाले, त्यातली एक कोबिनाची. त्याने नंतर जाळं बदललं की नाही, मी विचारलं नाही. लेकीला त्याने फोन केला नाही, एवढं मात्र मला माहीत आहे.

आणि एफुआ तिकडे पश्चिमेला, शेवटच्या गावात राहते. भाषा वेगळी, समुद्राचा वारसुद्धा वेगळा. गेल्या पावसाळ्यात मी तिला भेटायला गेले, रविवारी तिच्याबरोबर चर्चला गेले. आमच्याकडे पाद्रीबोवा उपदेश करत असताना एखाद्या बाईच्या आत काही हललं, तर ती मध्येच उठून उपदेशातली कथा गाण्यातून उचलते आणि सगळी सभा मागून ध्रुपद धरते. उपदेश थांबतो, देव आत येतो. तिथे तशी रीत नाही. त्या दिवशी उपदेश होता बापाची होडी आणि जाळी किनाऱ्यावर टाकून देवाच्या हाकेमागे निघालेल्या दोन भावांचा. एफुआ माझ्याशेजारून उठली आणि आपल्या भाषेत गायला लागली. माणसं वळून पाहू लागली. मी मागून धरलं, पण एका म्हाताऱ्या गळ्याने ध्रुपद होत नाही. दोन ओळींनंतर ती खाली बसली.

मी आता परत आले आहे. ती तिथेच आहे, आणि रविवार दर आठवड्याला येतो. तेव्हा तुमच्याकडे भजनाला माणसं जमली, टाळ वाजले आणि सगळ्यांनी मिळून ओळ धरली, की तेवढ्यात तिची आठवण काढा. एफुआ एसुमान. नाव नाही लक्षात राहिलं तर नुसती ती पोर आठवा आणि एक ओळ तिच्यासाठी जरा मोठ्याने म्हणा.